रात्र चोरायचं पुस्तक

माझ्या भावाच्या नावावर एक पुस्तक आहे. लहान मुलांचं, पातळसं, चोराच्या शिष्याची गोष्ट सांगणारं. त्यातला बहुतेक मजकूर मी लिहिला होता. ते बिघडलं, तेव्हा दोषही माझ्याच पदरात पडला. एवढं सांगितलं की खरं तर सगळं सांगून झालं. पण हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सलग सांगितलेलं नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहून काढते.

आम्ही तळेगावचे. श्यामजी पंत तळेगाव. घरी शेती, त्यात थोडा संत्र्याचा बगीचा. दादा माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठा, वर्ध्याला खोली करून कॉलेजात शिकायचा, इंग्रजी घेऊन. मी बारावी झाले तेव्हा गणितात शाळेत पहिली होते. पुढे शिकायचं म्हणजे वर्धाच. बाबा जेवताना म्हणाले, "एका घरातून दोन खोल्या कोन करनार?" आईने त्यांच्या ताटात भाकर वाढली आणि माझं शिक्षण संपलं. रडारड झाली नाही. आमच्या घरात असल्या गोष्टी जेवता जेवताच ठरायच्या.

त्याच उन्हाळ्यात, ऐंशी सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं, दादा सुटीत घरी आला तो एक इंग्रजी पुस्तक घेऊन. नागपूरला जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर मिळालं म्हणाला. मुखपृष्ठावर दात विचकणारा राक्षस. पण आत होती तशी रचना मी आधी कधी पाहिली नव्हती. गोष्ट सलग नव्हतीच. लहान लहान तुकडे, प्रत्येकावर आकडा. तुकडा संपला की पुस्तक वाचणाऱ्यालाच विचारायचं: दार उघडायचं असेल तर या आकड्यावर जा, पळून जायचं असेल तर त्या आकड्यावर. लढाई आली की फासा टाकायचा. एखाद्या वाटेने गेलं की मरण, दुसरीने गेलं की खजिना.

दादा ओसरीवर बसून वाचायचा, तिथल्या तिथे मराठी करून सांगायचा आणि मी सापशिडीचा फासा टाकायची. आम्ही पाच-सहा वेळा मेलो. दादाला राक्षसांची गंमत वाटत होती. मी त्या वाटांमध्ये गुंतले. मी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळे आकडे मांडून एकातून दुसऱ्यात बाण काढले, तेव्हा पुस्तकाचा सांगाडाच समोर आला. दादा वाकून बघत राहिला.

"मराठीत असं एकबी पुस्तक नाई," तो म्हणाला. "आपन करू."

आपण, असं म्हणाला होता तो. मला नीट आठवतं.

गोष्ट कशाची करायची यावर दोन दिवस गेले. दादाला राजपुत्र पाहिजे होता. मे महिना होता. दुपारी बाराला सगळं गाव दारं लावून आत पडलं होतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, "चोरी करायची असन त आता कराव. रात्री त सगळेच अंगनात खाटा टाकून जागे राह्यतात." बोलता बोलताच मला आमची गोष्ट सापडली. एक नगर, जिथे रात्रच होत नाही. राजाने रात्र पकडून एका रांजणात कोंडून ठेवली आहे, प्रजेने सतत काम करावं म्हणून. त्या नगराबाहेर एक म्हातारी चोरीण राहते. तिच्याकडे शिकणारा एक शिष्य, म्हणजे वाचणारा स्वतः. भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याने ती रात्र चोरून आणायची. आणली तर शिष्याचा चोर झाला.

"च्यामायला!" दादा म्हणाला. माझं कौतुक त्याने एवढंच केलं, पण तेव्हा मला ते पुष्कळ वाटलं.

सुरुवातीचे तुकडे त्याने लिहिले. खोटं कशाला बोलू, सुंदर लिहिले होते. नगराच्या वेशीवरच्या पहारेकऱ्यांची डोळे चोळत चाललेली बडबड अजून माझ्या डोक्यात आहे. पण जून लागला, कॉलेज उघडलं, तो वर्ध्याला गेला. मग महिन्यातून एखाद्या शनिवारी एसटीने यायचा, झालेलं वाचायचा, "हे झकास हाय" म्हणायचा आणि रविवारी परत. बाकीचं मी लिहिलं. बाजारातला उंटवाला, सावल्या विकणारी बाई, झोप विसरलेली लहान मुलं, कोरडी विहीर आणि तिच्या तळातून राजाच्या कोठीकडे जाणारं भुयार, हे सगळं दुपारी, आईचं काम आटोपल्यावर. कॅलेंडरांची पानं कापून तुकडे केले होते. ते मधल्या घरात जमिनीवर मांडायची आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर बगीच्यातून आणलेली, गळून पडलेली हिरवी संत्री ठेवायची. आई पदर सावरून तुकड्यांमधून पाय टाकत स्वयंपाकघरात जायची. "पोरीच्या जातीले हे काय नखरे वं," म्हणायची, पण एकही संत्रं तिने कधी हलवलं नाही.

एका गोष्टीचा मी फार विचार केला होता. मराठीत 'तू' म्हटलं की लगेच पोरगा की पोरगी ते सांगावं लागतं. 'तू गेलास' म्हटलं की वाचणारा मुलगा झाला, 'तू गेलीस' म्हटलं की मुलगी. चोर कोण ते वाचणाऱ्याने ठरवावं, असं माझ्या मनात होतं. म्हणून 'तू भिंत चढून गेलास' असं मी लिहिलंच नाही. 'भिंत चढायला तुला वेळ लागला नाही' असं लिहिलं. 'कुलूप तोडलंस' चालायचं, 'आत जाशील तर' चालायचं, 'तुला भीती वाटते' चालायचं. एकेका वाक्यासाठी तास गेला असेल. दोनशेच्या आसपास तुकडे झाले, आणि त्यांत एकाही ठिकाणी तो चोर बाई की पुरुष हे कळत नव्हतं. दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कोन पाह्यते एवढं?"

पाहिलं ते शेजारच्या पोरीने. हायवेवर पंक्चरचं दुकान असलेल्या माणसाची ती मुलगी, पाचवी-सहावीत असेल. तिला मी तुकडे वाचायला द्यायची, वाटा बरोबर लागतात का ते तपासायला. ती जमिनीवर फतकल मारून बसायची, फासा दोन्ही हातांत खुळखुळवायची. बऱ्याच दिवसांनी, बरेचदा मरून, ती रांजणापाशी पोचली आणि उठून ओरडली, "ताई, म्या रात्र चोरली!" तिने 'चोराने चोरली' म्हटलं नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतकी मी खूश होते.

थंडीत सगळं पक्कं करून, आकडे पुनःपुन्हा तपासून, चांगल्या अक्षरात लिहून मी गठ्ठा दादाकडे दिला. वर्ध्यात परीक्षेची गाइडं छापणारे एक गृहस्थ होते, त्यांना त्याने पटवलं होतं.

"छापून कच्चे कागद आले का मले दाखवजो," मी म्हटलं. "एक आकडा हलला त सगळं बिघडते."

"तुले नाई दाखवनार त कोनाले?"

मग पावसाळा आला, गेला. दादा आला की मी विचारायची, तो म्हणायचा छापखान्यात आहे. माझ्यासाठी स्थळं पाहणं सुरू झालं होतं, त्यामुळे घरात दुसरा विषय नव्हता. दिवाळीच्या आधी तो एक दिवस पिशवी घेऊन आला आणि त्याने बाबांच्या हातात पुस्तक ठेवलं. बाबांनी ते आधी देवापुढे ठेवलं, मग मला दिलं.

मुखपृष्ठावर मुंडासं बांधलेला, कमरेला खंजीर लावलेला मुलगा होता. खाली दादाचं नाव. एकट्याचं. मी आत उघडलं. अर्पण आई-बाबांना. पुढच्या पानावर बारीक टाइपात लिहिलं होतं की हस्तलिखिताची सुवाच्य प्रत करून दिल्याबद्दल धाकट्या भगिनीस आशीर्वाद.

आभारसुद्धा नाहीत, आशीर्वाद.

मी पहिलं पान वाचलं. 'तू भिंतीवर चढलास. तू खाली पाहिलंस आणि घाबरलास.' सगळीकडे तसंच केलं होतं. मी दादाकडे पाहिलं. तो आईला सांगत होता की प्रकाशकाला पेढे द्यावे लागतील.

"हे बदलवलं काऊन?" मी विचारलं.

"ते प्रकाशक म्हने वाचाले अवघड जाते. सरळ पाहिजेन."

"अन् नाव?"

"दोन नावं बरी दिसत नाई म्हने. भाऊ-बहिनीचं पुस्तक म्हनजे लोक घरगुती समजतात." एवढं बोलून तो हात धुवायला गेला.

मी पुस्तक मिटलं. घर आनंदात होतं आणि त्या आनंदात मी उभी होते, एवढंच.

चार दिवसांनी शेजारची पोरगी आली. मी तिला एक प्रत दिली होती. तिचा चेहरा पडलेला. "ताई, आता हे पोराचंच केलं का?" तिने आधी विचारलं. मग म्हणाली, "अन् विहिरीतून निघताच येत नाई. विहिरीत उतरलं का उंटवाला येते. उंटवाल्यापासून पुन्हा विहीर. म्या काल दिवसभर तेच केलं."

मी पुस्तक घेऊन बसले. तिचं बरोबर होतं. मधले वीसेक तुकडे गायब होते. ते काढल्यावर उरलेल्यांना पुन्हा ओळीने आकडे दिले होते, पण तुकड्यांच्या शेवटी 'या आकड्यावर जा' असं लिहिलेलं होतं ते जुनेच आकडे राहिले होते. सुरुवातीच्या वाटा शाबूत होत्या, कारण काटछाट विहिरीच्या पुढे झाली होती. विहिरीच्या पलीकडे कुणालाच जाता येत नव्हतं. रांजणाचा तुकडा छापलेला होता, शेवटून दुसऱ्या पानावर, पण तिथे न्यायला पुस्तकात एकही वाट उरली नव्हती. छापखान्यातल्या कुठल्याही माणसाने फासा हातात घेतला नव्हता. दादानेही नाही.

तो पुढच्या खेपेला आला तेव्हा मी त्याला दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. प्रकाशकाने पानं कमी करायला सांगितली होती, म्हणाला, तेवढं एका बैठकीत करून दिलं. मग मलाच म्हणाला, "कोनाले सांगू नको. लहान पोरं कुठी एवढं पाह्यतात?"

पाहत होती. एका वर्तमानपत्रात पुस्तकावर चार ओळी आल्या. भाषा चांगली, कल्पना नवी, पण आकड्यांचा घोळ आहे, असं त्यात लिहिलं होतं. तरीही वर्ध्याला एका वाचनालयाने दादाचा सत्कार ठेवला. आम्ही सगळे एसटीने गेलो. मी आणि आई बायकांच्या बाजूला बसलो होतो. पाहुण्यांनी नारळ-शाल दिली, रात्र रांजणात कोंडण्याची कल्पना केवढी अफाट आहे ते सांगितलं आणि हसत हसत आकड्यांच्या घोळाचाही उल्लेख केला. दादा उत्तराला उभा राहिला. तो छान बोलायचा. शेवटी म्हणाला, "आकड्यांचं काम मी घरी बहिणीकडे सोपवलं होतं. लग्नाची मुलगी, लक्ष जरा इकडे-तिकडे असणारच."

सभागृह हसलं. माझ्या शेजारी आईही हसली. ती वाईट मनाने हसली नसेल. सगळे हसले म्हणून हसली. पण ते हसू मी तिला कधी माफ केलं नाही आणि तिला ते कधी कळलंही नाही.

बसस्टँडवर मी दादाला गाठलं. "तुकडे तू कापले. आकडे तू बिघडवले. मायं नाव काऊन घेतलं?"

"नावच पाहिजे होतं ना तुले?" तो म्हणाला, आणि स्वतःच्या बोलण्यावर हसला. मग माझा चेहरा पाहून आवाज खाली आणला. "अवं, मले पुढं नोकरी पाह्यची हाय. माह्यावर आलं असतं त अडचन झाली असती. तुले काय फरक पडते?"

घरी गेल्यावर मी पहिल्यांदा बाबांसमोर तोंड उघडलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुस्तकावर तुयं नाव टाकलं असतं तरी ते साल-दोन सालाचंच होतं. लग्न झालं का नाव बदलनारच हाय. त्याचं त राह्यनार."

हे त्यांनी समजूत घालायला सांगितलं. त्यांच्या आवाजात माया होती.

मला पाहायला कारंज्याची मंडळी आली तेव्हा बाबांनी कपाटातून ते पुस्तक काढून पाहुण्यांच्या हातात दिलं. मुलीचा भाऊ लेखक आहे, हे सांगायला. होणाऱ्या सासूबाईंनी मुखपृष्ठावरच्या मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "चोराचं काऊन लिवलं? देवाधर्माचं लिवाव ना." मी चहाचा ट्रे धरून उभी होते. लग्न ठरलं.

कारंज्यात, हायवेवर, माझ्या नवऱ्याचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. माणूस बरा. मला त्याच्याबद्दल तक्रार नाही. दुकानाचा हिशेब थोड्याच दिवसांत माझ्याकडे आला, कारण माझा आकडा चुकत नाही असं तो सगळ्यांना सांगायचा. मला मुलगी झाली. दादाला एका कॉलेजात नोकरी लागली. मुलाखतीत त्याने ते पुस्तक पुढे ठेवलं होतं, असं आईनेच मला कौतुकाने सांगितलं.

काही वर्षांनी तो अचानक कारंज्याला आला. प्राध्यापक झाल्यापासून त्याची बोली बदलली होती. 'मले-तुले' गेलं होतं. सोबत सफरचंदं आणली होती. माझ्या मुलीला मांडीवर घेतलं, नवऱ्याशी डिझेलच्या भावावर बोलला, आणि नवरा दुकानात गेल्यावर पिशवीतून पुस्तक काढलं.

"दुसरी आवृत्ती काढतोय," तो म्हणाला. "मी दोनदा प्रयत्न केला, विद्यार्थ्यांनाही बसवलं. जुळतच नाही. तू एक दुपार बसलीस तर होईल. तेवढे आकडे नीट करून दे."

मी विचारलं, "नाव टाकशीन?"

त्याने पुस्तक पालथं ठेवलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "आता कसं बदलणार? माझ्या नावावर नोंद आहे सगळीकडे. लोक विचारतील, इतकी वर्षं का नव्हतं. आणि लहान मुलांच्या पुस्तकावर नाव घालून तुला काय मिळणार आहे?"

"मंग तुले काऊन पाहिजे होतं?"

त्याने पुस्तक पिशवीत घातलं. चहा अर्धाच राहिला. दारात चपला घालताना म्हणाला, "तू अशी नव्हतीस."

मी होते तशीच. त्याने पाहिलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी आई राहायला आली. सकाळी भाजी निवडताना, दुपारी पोरीला थोपटताना, तिचा एकच विषय. "भावाचं काम हाय, मायबाई. आकडेच त लिवाचे हाय. तुले काय जड हाय? उद्या आमी नसलो त माहेर म्हनून त्याचंच दार राह्यते." मी तिला सत्काराच्या दिवसाबद्दल विचारलं. तिला आठवेना. खरंच आठवत नव्हतं. मी आकडे करून दिले नाहीत. जाताना तिने मला जवळ घेतलं नाही, फक्त नातीच्या हातावर पैसे ठेवले. नवरा संध्याकाळी म्हणाला, "करून द्यायचं होतं. एवढ्याशा कामासाठी भाऊ तोडतं का कोनी?" मी त्यालाही काही सांगितलं नाही. सांगायला सुरुवात कुठून करायची, तेच कळलं नाही.

दुसरी आवृत्ती निघाली नाही. मला वाटलं होतं, नाही म्हटल्यावर मोकळं वाटेल. वाटलं नाही. ती एक दुपार मला मिळाली असती, तुकडे जमिनीवर मांडून, वाटा जुळवत बसायची, आणि तीही मीच नाकारली होती. याचा राग मला त्याच्यावरच्या रागापेक्षा जास्त वर्षं पुरला.

आई गेली ती ऐंशीचं दशक संपता संपता. तेरवीला दादाच्या कॉलेजातले बरेच लोक तळेगावला आले होते. पंगत उठल्यावर त्याचा एक विद्यार्थी, विशी-बाविशीचा, ओसरीवर त्याच्याशी बोलत होता. मी आत पाण्याचे पेले गोळा करत होते.

"सर, शाळेत असताना तुमचं चोराचं पुस्तक वाचलं होतं," तो मुलगा म्हणाला. "आम्ही मित्र महिनाभर खेळलो. विहिरीच्या पुढे कुणीच गेलं नाही. शेवटी आम्हाला वाटलं, तुम्हाला हेच म्हणायचं असेल. शिष्य कधी सुटतच नाही."

मग दादाचा आवाज आला, सावकाश, वर्गात बोलावं तसा.

"बरोबर ओळखलंत. ते मुद्दामच तसं ठेवलं होतं."

त्या मुलाने नमस्कार केला असावा. दादा त्याला पुढे काही समजावून सांगत राहिला, माणसाच्या हातात खरी निवड कितीशी असते, असलं काहीतरी. त्याच्या आवाजात लाज नव्हती. मला वाटतं, बोलता बोलता त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं.

वहिनी आत आली आणि म्हणाली, "ताई, कारंज्याची गाडी चारची हाय ना? डबा भरून देऊ का?"

मी म्हटलं, दे. पेले घासून पालथे घातले, मुलीला शोधलं आणि बाबांच्या पाया पडून निघाले. दादा स्टँडपर्यंत सोडायला येतो म्हणाला. मी म्हटलं, पाहुणे हाय, तू राह्य. गाडीत मुलीने खिडकीजवळची जागा धरली आणि डबा उघडून खायला लागली. मी तिच्या फ्रॉकवर सांडलेलं पुसत राहिले.